कोयत्याला दगडावर हाताने धार: नक्की पद्धत काय?

पुणे_ते_लांजा

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमची काजू-आंब्याची वडिलोपार्जित बाग आहे. नोकरी पुण्यात, त्यामुळे जमेल तसं शनिवार-रविवार गाठून जातो. पाऊस संपला की रान इतकं माजलेलं असतं की कलमाच्या बुंध्यापर्यंत पोचायलाच आधी वाट करावी लागते. ग्रास कटर आहे, गवताला तो बरा. पण काजूत घुसलेली रानमोडी, करवंदीच्या जाळ्या, वेली आणि अंगठ्याएवढी जाड झुडपं यांना कोयत्याशिवाय पर्याय नाही.

माझ्याकडे दोन कोयते आणि एक कुऱ्हाड आहे. एक कोयता आजोबांच्या वेळचा, चोचीचा, जड. दुसरा आठवडी बाजारातला नवा, ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) आहे असं विकणारा म्हणाला. पूर्वी वाडीतला लोहार दसऱ्याच्या आधी सगळ्यांची हत्यारं करून द्यायचा, आता त्याचा भाता बंद आहे. म्हणून नवा कोयता बाजारपेठेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे दिला. त्याने ग्राइंडर फिरवून चहा पिऊन होईपर्यंत परतही दिला. बोटाला धार चांगली लागत होती, पण कडेला निळसर पट्टा आला होता. दुपारपर्यंत कोयता पुन्हा जैसे थे, आणि एका ठिकाणी तर कड चक्क वळली.

मग हार्डवेअरच्या दुकानातून ८ इंची दगड आणला, एक बाजू खरखरीत, एक बारीक. आता प्रश्न असा की तो वापरायचा कसा? ओट्यावर ठेवून त्यावर कोयता घासायला गेलं तर पोटाचा भाग दगडावर बसत नाही, टोक उगाच गोल होतं आणि एवढं जड पातं एका कोनात धरून मनगट भरून येतं. यूट्यूबवर बघावं तर सगळे चार बोटांच्या सुऱ्या घेऊन बसलेले, नाहीतर जपानी दगडांचे भाव सांगणारे.

कोन किती ठेवायचा, पाणी वापरायचं की तेल, आणि मुळात हे एवढं मोठं धूड धरायचं कसं, हे कुणी नीट सांगेल का? ग्राइंडर पुन्हा नको आहे.

सह्याद्री_फॅब

ग्राइंडरला दोष देऊ नका, चालवणाऱ्याचा हात बघा. ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावायची, टेकवून धरायची नाही, नुसती फिरवत न्यायची, आणि दर फेरीला पातं पाण्यात बुचकळायचं. बोटाला चटका बसला की थांबायचं. काही निळं होत नाही. दगडावर अर्धा दिवस घालवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

जुना_फिटर

सह्याद्री, तुमचं पाण्याचं बरोबर आहे, पण ज्याच्या कोयत्याला आधीच निळा पट्टा आहे त्याला याचा काय उपयोग? आणि बाजारात रांग लागलेली असताना दर फेरीला पाण्यात बुचकळत बसणारा मला तरी भेटलेला नाही.

पुणे-लांजा, दगड खाली ठेवून पातं त्यावर फिरवायचं हे सुरीचं काम. कोयत्याला नेमकं उलटं. कोयता जखडून ठेवायचा आणि दगड हातात घ्यायचा. तुमच्या मनगटाचा, पोटाचा आणि टोकाचा, तिन्ही प्रश्न एवढ्यानेच मिटतात.

मी मुंबईत टूलरूममध्ये फिटर होतो, आता संगमेश्वराकडे गावी असतो. कारखान्यात कानस आणि ऑइलस्टोन यांच्याशी रोजचा संबंध होता. कोयता मात्र गावच्या गड्यांच्या हाताकडे बघून शिकलो. दोन्ही मिळून सांगतो.

आधी तो निळा पट्टा. पोलाद तापलं की रंग बदलतं. २०० अंश सेल्सिअस ओलांडलं की फिकट पिवळं, मग तपकिरी, जांभळं, आणि ३०० च्या आसपास निळं. लोहार पातं लाल करून विझवतो तेव्हा ते कडक पण ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा थोडं तापवून त्याचा कडकपणा बेताचा करतो. ज्या तापमानावर त्याने हे केलं त्याच्या वर तुमची कड गेली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच. ग्राइंडरखाली सगळ्यात आधी तापते ती अगदी कडेची पातळ रेघ, म्हणजे नेमकी तुमची धार. किती मऊ झाली ते कळायला कानस घ्या. मागे, पात्याच्या चांगल्या भागावर एक हात मारा, मग निळ्या भागावर मारा. मागे कानस कुरकुरत चालली आणि निळ्यावर खडूवर चालावी तशी आत शिरली, तर तेवढी कड काढून टाकण्याशिवाय इलाज नाही. बहुतेक वेळा मिलीमीटर-दीड मिलीमीटरमध्ये चांगलं लोखंड लागतं. हे दगडाने करू नका, दगड झिजेल आणि तुमचा धीरही. १० इंची बास्टर्ड (मध्यम खरखरीत दातांची) कानस आणा. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. मागेपुढे खसाखसा घासली तर तिचे दात जातात.

आता यापेक्षा महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. बाजारातल्या नव्या कोयत्याचं खरं दुखणं धार नसणं हे नसतं, धारेमागे तो जाड असतो हे असतं. कमानपाटा मुळात जाड, तो ठोकून पातळ करायला वेळ आणि कोळसा लागतो. आजकाल पाटा कापतात, एक बाजू ग्राइंडरने उतरवतात आणि मूठ बसवून विकायला मांडतात. अशा कोयत्याची कड कितीही पाजवा, फांदीत तो एवढासा शिरतो आणि मागची जाडी आडवी येते. घाव बसतो, पण चीर पुढे जात नाही. तुम्ही म्हणता बोथट झाला. तो मुळात कापतच नव्हता, फोडत होता. धारेपासून ५ मिलीमीटर मागे जाडी मोजा. व्हर्नियर नसेल तर दोन्ही कोयते शेजारी ठेवून चिमटीत धरून बघा. आजोबांचा कोयता तिथे दीडेक मिलीमीटर भरेल अशी माझी पैज आहे. नवा तीनच्या घरात असेल तर आधी कानशीने दोन्ही गाल (पात्याच्या बाजू) उतरवा, धारेपासून बोटभर मागेपर्यंत. एका बैठकीत होणार नाही, होऊ द्या सावकाश. जवळपास कुठे भाता चालू असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे शेवटून घ्या, म्हणजे लोहाराकडून कड पुन्हा ठोकून घ्या. तापवून ठोकला की धातू खरवडून फुकट न घालवता पातळ होतो, वर नवीन पाणी चढतं.

ही तयारी झाली की दगड.

बसायची जागा: अंगणात लाकडाचा ओंडका किंवा जाड फळी घ्या. कोयता तिच्यावर आडवा, पाठ तुमच्याकडे, धार पलीकडे आणि फळीच्या बाहेर बोटभर. मूठ मांडीखाली दाबा, नाहीतर सी-क्लॅम्प लावा. शहरी माणसाने क्लॅम्पच लावावा. दगड ८ इंची पूर्ण असेल तर हातात अवघडतो. खरं म्हणजे पडून दोन तुकडे झालेला दगड कोयत्याला सगळ्यात सोयीचा, मुठीत बसतो. दगड वरून धरायचा, बोटं बाजूंवर आणि दगडाच्या खालच्या पातळीच्या वर. अंगठा खाली लोंबला की धारेवर गेलाच समजा.

कोन: दर बाजूला २० ते २५ अंश. मोजायला काही लागत नाही. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा तिरका दुमडा, झाले ४५. पुन्हा दुमडा, साडेबावीस. ती घडी पात्यावर ठेवून दगड तिला टेकवून बघा, हाताला तेवढा कल कळला की घडी टाकून द्या. सुरुवातीला धारेच्या पट्ट्यावर काळ्या मार्करने रंग द्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर बघा. शाई नुसती मागच्या बाजूची गेली तर दगड फार आडवा धरलाय, नुसती अगदी धारेच्या कडेची गेली तर फार उभा. सगळीकडून गेली तर चालू द्या.

हात असा चालतो: खरखरीत बाजू, छोटी छोटी वर्तुळं, मुठीकडून सुरू करून चोचीकडे, एक वर्तुळ दुसऱ्यावर अर्धं चढलेलं. जोर बेताचा. मध्येच थांबून पलीकडच्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवून बघा (धारेच्या लांबीने कधीही नाही). तिथे लोखंडाची बारीक कड वळून आलेली लागली पाहिजे, आम्ही तिला बर म्हणतो. ही बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. लोक इथेच घाई करतात. दहा हात इकडे, दहा हात तिकडे, आणि धार काही येत नाही, कारण दोन्ही उतार अजून एकमेकांना भेटलेलेच नसतात.

बर आली की कोयता पालथा घालून तेच. मग बारीक बाजू, दोन्हीकडून, हलक्या हाताने. शेवटचे हात पाठीकडून धारेकडे, दगड धारेबाहेर निसटू द्यायचा, एक या बाजूने, एक त्या बाजूने, म्हणजे बर झडून जाते. राहिलीच तर मऊ लाकडाच्या कडेवरून धार एकदा ओढा. बर तशीच ठेवलीत तर ती पहिल्या फांदीला वळते आणि लोक म्हणतात धार टिकत नाही.

पाण्यानेच करा. तुमचा दगड सिलिकॉन कार्बाइडचा असणार, ज्याला दुकानदार कार्बोरंडम म्हणतो. पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग घासताना अधूनमधून शिंपडत राहा. काळा गाळ वाहून गेला पाहिजे, नाहीतर तो छिद्रांत बसतो आणि दगड गुळगुळीत होतो. तेल वापरायचं तर पातळ हवं, जवसाचं तर अजिबात नको, ते सुकून दगडावर कातडं धरतं. आणि एकदा तेल पाजलेल्या दगडाला पुन्हा पाणी धरत नाही.

हातावरचे केस उडतात का हे बघत बसू नका. कोयत्याला तशी धार लागतही नाही. थोडी खरखरीत धार ओल्या लाकडाला आणि वेलीला जास्त चावते. निगडीची अंगठ्याएवढी ओली फांदी तिरक्या एका घावात तुटली आणि काप स्वच्छ आला की झालं.

पुणे_ते_लांजा

काका, खूप आभार. जाडीचं डोक्यातच नव्हतं. आत्ता पुण्यात आहे म्हणून मोजता येत नाही, पण आजोबांचा कोयता जड असूनही सहज कापतो हे नेहमी जाणवायचं, ते का, हे आता लक्षात आलं.

दोन शंका. एक, चोचीच्या आतल्या वळणात सपाट दगड पोचत नाही, तिथे काय? दोन, कुऱ्हाडीला हेच लागू आहे का? आणि पुढच्या वेळी कोयते पुण्याला घेऊन यावेत आणि गॅलरीत निवांत करावेत असा विचार आहे.

गेवराईकर

राम राम. फिटरकाकांचं चूक नाही, पण ते सगळं निवांत बागेतलं झालं. आमच्या घरचे ऊसतोडीला जाणारे, मी पण शिकत असताना सुट्टीत फडात हात मारलेला आहे. तिथं दगडावर वर्तुळं काढत बसायला टाइम कुणाला?

उसाचा कोयता हलका आणि पातळ असतो. ऊस जमिनीला घासून तोडावा लागतो, कारण बुडाच्या कांड्यांत साखर जास्त. बुडखा उंच राहिला की स्लिपबॉय (कारखान्याचा माणूस) बोंब मारतो, शेतकरी पण. म्हणजे प्रत्येक घावाला कोयता मातीत जातो, खडा लागला की दात पडतो. मग पहाटे कोप्यावरनं (झोपड्यांवरनं) निघायच्या आधी प्रत्येकजण कानशीनं धार करतो. डाव्या हातानं मूठ धरायची, पात्याचं टोक दगडावर नाहीतर गाडीच्या जूवर टेकवायचं आणि कानस धारेच्या दिशेनं सरळ ढकलायची, पाच-सात हात एका बाजूनं, तेवढेच दुसऱ्या. झालं. दगडाचा तुकडा कमरेला, मोळी बांधताना उसंत मिळाली तर दोन हात फिरवायचे. वाढं (उसाचा शेंडा) तोडताना धार कमी असली तरी चालतं, बुडाला नाही चालत.

कानशीनं कोयता लवकर झिजतो हे खरं. तीन-चार हंगामात पातं निम्मं होतं. पण बोथट कोयत्यानं दिवसभर तोडलं तर झिजतो तो माणसाचा खांदा. तुमच्याकडं आठवड्यातनं एकदा काम, तुम्ही दगड वापरा. मात्र कानस घरात असू द्याच, दगडात आदळून दात पडल्यावर दगडानं तो दात काढायला संध्याकाळ होईल.

बाकी काका, धार कानशीचीच जास्त चावते, हे तुम्ही पण मान्य कराल.

देवगडची_सून

कोयत्यावर सगळे तुटून पडलेत, विळ्याचंही थोडं लिहिते. आमच्याकडे भात आणि नाचणी दोन्ही. सासरे साधा विळा फळीवर लावायचे. सागाची फळी, तिच्यावर पांढऱ्या गारगोटीची कुटून वस्त्रगाळ केलेली पूड आणि पाण्याचे चार थेंब. त्यावर विळ्याचं पातं आडवं सरकवायचं, वळण असल्यामुळे टाचेपासून टोकापर्यंत हात फिरवत न्यायचा. इतकी सुंदर धार यायची की कापणीला गवताचा आवाजही वेगळा यायचा. ती फळी अजून पडवीत आहे, मधोमध झिजून खोलगट. मी पॉलिश पेपर वापरते, गारगोटी कुटत बसायला कोण आहे आता.

दातेरी विळा असेल (वैभव वगैरे) तर त्याला दगड लावू नका. दात जातात आणि मग तो ना धड साधा ना धड दातेरी. दात एकाच बाजूने पाडलेले असतात, त्या प्रत्येक दाताच्या खाचेत बारीक त्रिकोणी कानस फिरवायची असते. न जमल्यास नवीन घ्या, फार महाग नसतो.

आणि पुणेकर, फणस कापायला तोच कोयता वापरत असाल तर आधी पात्याला खोबरेल चोळा. चीक चिकटत नाही. चिकटलाच तर तेलानेच काढा, पाण्याने तो अजून घट्ट बसतो. काका, असा चीक लागलेला कोयता दगडावर चालतो का?

जुना_फिटर

ताई, अजिबात नको. चीक दगडाच्या छिद्रांत बसला की दगड गेला. आधी खोबरेल, मग रॉकेलचा नाहीतर टर्पेंटाइनचा बोळा, मग साबण-पाण्याने धुऊन कोरडा, आणि मग दगड. तुमच्या सासऱ्यांच्या फळीबद्दल वाचून आनंद झाला. गारगोटीचा कठीणपणा मोहच्या प्रमाणावर ७, विळ्याच्या पोलादापेक्षा जास्त, म्हणून ती पोलाद खाते. लाकूड मऊ असल्यामुळे पूड त्यात रुतून बसते आणि फळीच बारीक दगडाचं काम करते. आम्ही टूलरूममध्ये लॅपिंग (पावडरीने घासून गुळगुळीत करणं) करायचो तेव्हा मऊ बिडाच्या पाट्यावर पावडर टाकायचो, तीच विद्या. पॉलिश पेपर फळीवर चिकटवून वापरलात तर फरक पडणार नाही, २२० चा घ्या. जांभ्यावर मात्र कुणी काही घासू नका. भुसभुशीत दगड, धार येण्याऐवजी ओरखडे येतात.

गेवराईकर, मान्य. कानशीची धार ओल्याला चावते, वाद नाही. फडात मी असतो तर मीही कानसच धरली असती. पण कानस पोलादापेक्षा कडक असेल तरच चालते. चांगलं पाणी दिलेल्या जुन्या कोयत्यावर ती नुसती घसरते, तिथे दगडच हवा. कार्बोरंडमला कडक-मऊ काही फरक पडत नाही. अमेरिकेत ॲचेसनने १८९१ मध्ये ते भट्टीत केलं तेव्हा त्याचे स्फटिक रत्नं पॉलिश करायला विकले जात होते, आपण कोयत्याला वापरतो.

आता पुणे-लांजा यांच्या शंका.

चोचीच्या आतल्या वळणाला अर्धगोल कानस, तिची गोल बाजू. ती फिरवताना नुसती पुढे ढकलायची नाही, ढकलता ढकलता वळणाच्या लांबीने बाजूला सरकवायची, नाहीतर खाचा पडतात. मग कानशीच्या जागी, पीव्हीसी पाइपच्या वीतभर तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळा, आधी १२०, मग २२०. पाइपचा व्यास वळणापेक्षा लहान असला की झालं. आतल्या वळणात बर बाहेरच्या बाजूने जास्त येते. ती सपाट दगडाने, दगड जवळजवळ आडवा ठेवून झाडा. चोचीला वेल ओढून कापायची असते, घाव घालायचा नसतो, म्हणून तिथे १८-२० अंश पुरतात. मुठीजवळच्या चार बोटांत नारळ सोलणं, ओंडका तासणं असली दणक्याची कामं होतात, तिथे २५ च्या खाली जाऊ नका. मधल्या पोटाला या दोन्हींच्या मधे कुठेतरी. एकाच पात्यावर तीन धारा म्हणजे अवघड वाटेल, पण दगड हातात असला की मुठीकडे येताना मनगट जरा उभं करायचं, बस.

कुऱ्हाडीला पद्धत तीच, पण दोन फरक. तिचा उतार सपाट ठेवायचा नाही, किंचित फुगीर हवा. वर्तुळं काढताना दगड थोडा थोडा डुलवत मागे न्या, म्हणजे धारेमागचा खांदा मारला जातो. सपाट उताराची कुऱ्हाड लाकडात रुतते आणि उपसायला दोन माणसं लागतात. दुसरं, दोन्ही टोकं मधल्या भागाइतकीच लावा, पण टोकांवर जास्त वेळ काढू नका. लोक मधेच घासत राहतात आणि काही वर्षांत कुऱ्हाडीची धार चंद्रकोरीऐवजी सरळ होते. दांडा हलत असेल तर तो आधी बघा. सैल कुऱ्हाडीला धार लावणं म्हणजे अपघाताची तयारी.

आणि कोयते पुण्याला नेऊ नका हो. पुण्यात सध्या कोयता हातात दिसला तर तुम्हाला कुणी बागायतदार समजणार नाही. शेतीचं अवजार आहे, खरं आहे, पण ते चौकीत बसून सांगण्यापेक्षा दगड आणि कानस गावीच ठेवा. नाहीच जमलं तर निदान गोणपाटात बांधून, गाडीच्या डिकीत.

ठेवताना बागेच्या पाण्याच्या जुन्या रबरी पाइपचा तुकडा घ्या, लांबीने चिरा आणि धारेवर चढवा. पावसाळ्याआधी पात्याला खोबरेलाचा हात फिरवा, हे तेल इथे बाराही महिने घरात असतं आणि पुढे फणसालाही चालतं. पण धार लावायच्या आधी पुसायला विसरू नका, नाहीतर ताईंना सांगितलं तेच तुमच्या दगडाचं होईल.

सह्याद्री_फॅब

काका, एक विचारतो. दगड वापरून वापरून मधे खोलगट होतो तेव्हा तुम्ही काय करता? माझ्या दुकानात एक आहे, पार होडी झालाय.

जुना_फिटर

सुरी आणि पटाशीला वापरत असाल तर सपाट करावाच लागेल. सिमेंटच्या कोब्यावर रेती आणि पाणी टाकून दगड पालथा घासा, गोल फिरवत, आणि मधे मधे दगड अर्धा वळवून धरा म्हणजे एकीकडेच झिजणार नाही. व्हायला वेळ लागतो. लवकर हवं तर रेतीऐवजी जाड कार्बोरंडम पावडर, खाली जाड काच.

कोयत्याला मात्र खोलगट दगड अडत नाही. उलट पोटाच्या बाहेरच्या वळणाला तो छान बसतो. तुमचा तो दगड फेकणार असाल तर पुणे-लांजावाल्यांना द्या, त्यांचा नवा दगड सुऱ्यांना राहील.

पुणे_ते_लांजा

मी घेतो! सह्याद्री, दुकान कुठे आहे ते मेसेज करा. येताना नवा कोयताही दाखवतो, निळा पट्टा किती आत गेलाय ते तुम्हीही कानस लावून बघा. जाडी मोजली की आकडा इथेच टाकतो.